करंट लागत नाही म्हणालो, तो उन्हाळा

मोहाचा वास आला की आमच्या भागातल्या माणसांना काय काय आठवतं. कोणाला मामाचं गाव, कोणाला पहाटेच्या अंधारात टोपली घेऊन रानात जाणं, कोणाला आणखी काही, जे चारचौघांत सांगता येत नाही. मला माझाच आवाज आठवतो. शेवटच्या बाकापर्यंत पोचावा म्हणून वीस वर्षं वर्गात कमावलेला, चांगला खणखणीत आवाज. तो आठवला की कान तापतात. काल शाळेतून येताना एका घरासमोर चटईवर मोह वाळत घातलेला दिसला, आणि मी गाडी वळवून लांबच्या रस्त्यानं घरी आलो. पंचेचाळीस वर्षांच्या माणसानं वाळत घातलेल्या फुलांना चुकवत घरी यावं, यात अभिमान वाटण्यासारखं काही नाही.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी एका शाळेत विज्ञान शिकवतो. घरी आई आणि मी. बायको जिवतीला नोकरीला आहे, ती शनिवारी येते. मुलगी शिकायला नागपूरला. दोन वर्षांपूर्वी मी एक गेमिंग कॉम्प्युटर घेतला. मुलीसाठी नाही, शाळेसाठी नाही, स्वतःसाठी. विमान चालवायचा खेळ खेळायला. मी कधी विमानात बसलेलो नाही. लहानपणी वाचनालयातल्या एका फाटक्या मासिकात कॉकपिटचं चित्र पाहिलं होतं, तेवढ्या भांडवलावर ही हौस तीस-पस्तीस वर्षं टिकली. शाळेत मात्र मी सांगितलं की मुलांसाठी त्रिमितीय पाठ तयार करायचे आहेत, साध्या मशीनवर ते होत नाहीत. मुख्याध्यापक म्हणाले, "वा सर, तुमचं पाहून बाकीचे शिकतील." मी नम्रपणे मान डोलावली. त्या उन्हाळ्यातलं हे पहिलं खोटं. त्यानं कोणाचं काही बिघडलं नाही.

मशीन जोडून दिलं रंजनानं. रंजना माझी विद्यार्थिनी. गडचिरोलीकडच्या जंगलातल्या एका लहानशा गावातली, गोंड घरातली मुलगी. वसतिगृहात राहून आमच्या शाळेत दहावीपर्यंत शिकली. वर्गात तोंड उघडायची नाही. पण प्रयोगशाळेतला वर्षभर बंद पडलेला व्होल्टमीटर एक दिवस चालू झालेला दिसला, तेव्हा चौकशीअंती कळलं की तो हिनं मधल्या सुट्टीत दुरुस्त करून गुपचूप कपाटात ठेवून दिला होता. पुढे चंद्रपूरला कोर्स केला, एका दुकानात चार वर्षं हाताखाली काम केलं, आणि मग मूलच्या बसस्टँडजवळ स्वतःचं दुकान टाकलं. समोर एक शटर, आत एक टेबल, भिंतीला उघडी पडलेली दोन-चार कॅबिनेटं. गावात मोबाइलची दुकानं भरपूर होती, पण कॉम्प्युटर उघडून बसणारी बाई ही एकच.

जोडणी चालू असताना मी तिच्यासमोर स्टुलावर बसलो होतो. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर मदरबोर्ड. हिरवट-काळा, नवाकोरा. माझा हात आपसूक पुढे गेला.

"सर, हात नका लावू. आधी शटरले हात लावून या."

"काऊन?"

"तुमीच त शिकवलं होतं. अंगातली वीज." ती हसली. "लोखंडाले हात लावला का उतरून जाते."

मी उठलो, शटरला हात लावून आलो आणि शहाण्या मुलासारखा परत बसलो. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. मी शिकवलेलं एखादं वाक्य कोणाच्या हातात जाऊन बसलेलं असं समोर दिसणं, शिक्षकाच्या नोकरीत हे फार वेळा घडत नाही. तिनं प्रोसेसर बसवला, त्यावर मटकीएवढी पेस्ट लावली, रॅमच्या पट्ट्या टक् टक् करत दाबल्या. पंखे फिरले, आत निळा दिवा लागला. "घ्या सर, उडवा इमान," ती म्हणाली. तिला मी खरं कारण सांगितलं होतं. तिला एकटीलाच.

पहिला आठवडा मी शाळेतून आलो की थेट उडत होतो. होळी झाली, शिमग्याचा रंग कानामागे तसाच, आणि मी एका बेटावरच्या धावपट्टीवर विमान उतरवत होतो. चाकं टेकायला थोडंसं अंतर उरलं असताना सगळं थांबलं. विमान हवेत तसंच. समुद्राची लाट अर्धी वर आलेली, तशीच. फक्त स्पीकरमधून इंजिनाचा एकच सूर, घर्रर्र, न थांबता. माऊस हलवला, बटणं दाबली. काही नाही. शेवटी बटण दाबून बंद केलं. पुन्हा सुरू केलं, वीस मिनिटांनी पुन्हा तेच. कधी चित्र गोठायचं, कधी माऊस-कीबोर्डच ओळख विसरायचे, कधी मशीन आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं.

स्टाफरूममध्ये मी तक्रार केली, तर सगळ्यांनी आनंदानं निदान केलं. "सर, चंद्रपूर जिल्ह्याच्या उन्हाळ्यात माणसं हँग होतात, कॉम्प्युटरचं काय घेऊन बसले!" मलाही ते पटलं. मी कूलर मशीनसमोर आणला. आई एका कोपऱ्यात पदरानं वारा घेत बसायची आणि कूलरची सगळी हवा कॅबिनेट खायचं. कॅबिनेटची बाजू काढून ठेवली. इंटरनेटवरच्या माणसांनी सांगितलं तसं रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबरनं घासले. खिडकीला ओलं पोतं लावलं. आतलं तापमान चांगलं खाली आलं, आणि मशीन पहिल्यासारखंच गोठत राहिलं.

आणखी एक गोष्ट होत होती, ती मी कोणाला सांगितली नाही. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की बोटांना झिणझिण्या यायच्या. जोराचा झटका नाही, मुंगी चालल्यासारखं. मी त्यावर उपाय केला. स्नानघरातली रबरी चप्पल आणून टेबलाखाली ठेवली आणि ती पायात घालून बसायला लागलो. झिणझिण्या थांबल्या. विज्ञानाच्या मास्तरानं पायात चप्पल घातली आणि प्रश्न सुटला असं मानलं. हे लिहिताना हसू येतं, पण ते चांगलं हसू नाही.

त्याच दिवसांत घरात दुसरं एक झालं होतं. आमच्या घराच्या मागच्या कोपऱ्यात, मीटरच्या खाली, जमिनीत एक चौकोनी फरशी आहे. माझे वडील वीज खात्यात लाइनमन होते. आदल्या दिवाळीनंतर ते गेले. ते असेपर्यंत होळी झाली की रोज संध्याकाळी त्या फरशीच्या फटीत बादलीभर पाणी ओतायचे. गुडघे गेल्यावर ते काम आईकडे आलं. आईनं त्यात स्वतःची भर घातली: पाणी टाकतोच आहोत तर दोन बोटं हळद-कुंकू. वडील काही बोलले नाहीत. बायकोचं चालू द्यावं असा त्यांचा स्वभाव होता. त्या वर्षी होळीनंतर आईनं बादली उचलली, तेव्हा मी तिला अडवलं.

"आई, हे काय लावलं तू? फरशीले कोणी पूजते काय?"

"तुझा बाप सांगून गेला. होळी झाली का इथी रोज पाणी टाकायचं. त्याले तहान लागते म्हणे उन्हाळ्यात."

"कोणाले?"

"मले काय माहीत? मी कधी इचारलं नाई."

मी शाळेत विज्ञान मंडळ चालवतो. हातातून अंगारा काढून दाखवतो, मग तो कसा काढला ते सांगतो, मुलं टाळ्या वाजवतात. माझ्याच परसात माझी आई फरशीला कुंकू लावून पाणी पाजते हे शेजाऱ्यांनी पाहावं, ही कल्पनाच मला सहन होईना. मी तिला लांबलचक समजावलं. अंधश्रद्धा कशी सुरू होते, कशी एका पिढीकडून दुसरीकडे विचार न करता जाते, पाण्याची टंचाई असताना असं पाणी घालवणं कसं चूक. आईनं ऐकून घेतलं. बादली पालथी घालून ठेवली आणि म्हणाली, "बरं बापा, तुले शिकलेल्याले जास्त समजते." ती फरशी मी उचलून पाहिली नाही.

मशीन घेऊन मी रंजनाकडे गेलो. तिनं ते तीन दिवस दुकानात चालवलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझा विमानाचा खेळ लावून ठेवला. येणारी-जाणारी माणसं उभी राहून बघत. एकदाही थांबलं नाही. घरी आणलं, त्याच संध्याकाळी गोठलं. पुन्हा नेलं. तिनं रॅम बदलून पाहिली. पॉवर सप्लाय बदलून पाहिला. विंडोज पुसून नव्यानं टाकलं. ग्राफिक्स कार्ड काढून दुसऱ्या मशीनवर चालवून पाहिलं. दुकानात सगळं ठणठणीत. घरी आणलं की तेच. मला वाटायला लागलं की तिला काही येत नाही आणि ती अंधारात चाचपडते आहे. खरं म्हणजे एखादा बिघाड शोधायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते पाहायचं, हे मीच तिला शिकवलं होतं, आणि ती तेच करत होती.

मग ती एका रविवारी घरी आली. दाराशी सँडल काढले, आईच्या पाया पडली, आईनं दिलेलं पाणी प्यायली आणि टेबलाशी जमिनीवर मांडी घालून बसली. मागच्या वायरी तपासताना तिचा हात कॅबिनेटवर होता. थोडा वेळ ती तशीच राहिली. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं,

"सर, बॉडीले हात लावला का करंट लागते काय?"

मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो? मी हे स्वतःला इतक्या वेळा विचारलं आहे की आता उत्तरंही पाठ झाली आहेत. घराचं वायरिंग वडिलांनी स्वतःच्या हातानं केलेलं होतं. ते जाऊन पाच महिनेही झाले नव्हते. माझ्या घरात पत्र्याला करंट येतो हे एका विद्यार्थिनीसमोर कबूल करायचं, म्हणजे त्यांच्या कामात खोट काढायची आणि माझी मास्तरकीही मोडीत काढायची. शिवाय टेबलाखालची रबरी चप्पल. तो उपाय कोणाला सांगायचा? ही सगळी कारणं खरी आहेत. त्यांतलं एकही पुरेसं नाही.

"अर्थिंग बराबर आहे ना, सर? एकदा पाहून घेऊ काय?" तिनं पुन्हा विचारलं.

"माझे वडील लाइनमन होते, रंजना. आता तू मला अर्थिंग शिकवणार?"

"तसं नाई, सर," एवढंच म्हणाली. मशीन उचललं, दुकानात आणखी पाहते म्हणाली आणि गेली.

त्यानंतर चार दिवस दुकानाला कुलूप. शटरवर कागद चिकटवलेला होता: गावी गेली आहे, सोमवारी येईन. शेजारच्या पानठेल्यावाल्यानं सांगितलं, "मोह पडून राह्यला ना सर. घरचे सगळे वेचाले जातात." तिकडची गावं त्या दिवसांत मोहाच्या झाडाखालीच असतात. प्रत्येक घराची आपली झाडं असतात, फुलं पहाटे पडतात, आणि ऊन चढायच्या आत वेचली नाहीत तर जनावरं खातात. नोकरीला गेलेले, शिकायला गेलेले, सगळे त्या चार दिवसांसाठी परत येतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या वर्गातली अर्धी मुलं मार्चमध्ये याच कारणानं गैरहजर असायची आणि मी त्यांना हजेरीत कधी अडवलं नव्हतं. पण त्या दिवशी उन्हात बंद शटरसमोर उभा राहून मला फक्त माझं विमान दिसत होतं.

सोमवारी गेलो. दुकानात गर्दी होती. कोणी प्रिंटर घेऊन आलेलं, कोणी लॅपटॉप, ग्रामपंचायतीचा एक माणूस, आमच्या शाळेतल्या एका मुलाचे वडील. रंजनाचे हात कोपरापर्यंत उन्हानं रापले होते आणि नखांत काळं होतं. ती म्हणाली, "सर, तुमची मशीन इथी चारी दिवस चालूच होती, पानठेलेवाल्या भाऊले किल्ली देऊन ध्यान ठेवाले सांगितलं होतं. एकदा बी थांबली नाई. माझ्या मते घरीच काईतरी—"

तिचं वाक्य मी पूर्ण होऊ दिलं नाही. म्हणालो, जुने पार्ट लावून नवे म्हणून देतात हे मला माहीत आहे. म्हणालो, विद्यार्थिनी म्हणून विश्वास टाकला ही माझी चूक. आणि मग म्हणालो, "मोह वेचणाऱ्यांनी मोहच वेचावा. मशीनच्या नादाला लागू नये."

दोघे-तिघे हसले. त्यात वाईट हेतू नव्हता कदाचित. मास्तर बोलला की हसायचं, ही शाळेपासूनची सवय असते. रंजना हसली नाही, रडली नाही, उलटून बोललीही नाही. तिनं मशीनला वायर गुंडाळली, खोक्यात नीट बसवली, खोकं माझ्या गाडीपर्यंत आणून दिलं. "सांभाळून न्या, सर," म्हणाली. मला वाटलं, ही गप्प आहे म्हणजे हिची चूक आहे. वर्गातही मी असंच समजत आलो असेन. किती मुलांच्या बाबतीत, ते आता कसं मोजणार?

अक्षय तृतीया आली. आमच्याकडे त्या दिवशी पितरांच्या नावानं घागर भरतात. वडिलांची ती पहिलीच. आईनं नवी घागर आणली, वाळा घातला, वर खरबूज ठेवलं. नैवेद्य झाला. त्या संध्याकाळी मी सहज मशीन लावलं, दोन तास उडलो, आणि ते एकदाही थांबलं नाही. मला वाटलं, योगायोग. दुसऱ्या दिवशीही थांबलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी चप्पल घालायला विसरलो. उघडा पाय जमिनीवर, हात कॅबिनेटवर, आणि बोटांना काही नाही. मी हात तसाच ठेवून बसलो. मग उठून मागच्या परसात गेलो.

फरशी ओली होती. आई चोरट्या चेहऱ्यानं बादली घेऊन उभी होती.

"तुझ्या बापाच्या नावानं त्या दिवशी घागर इथीच टाकली," ती म्हणाली. "त्याची जागा होती ना ही. मंग रोजच टाकून राह्यली. रागावू नको."

मी पहारीनं फरशी उचलली. खाली कोळसा, मिठाचे पांढरे थर, मधोमध लोखंडी पाइप आणि त्याला घट्ट आवळलेली जाड तार, वर मीटरकडे गेलेली. घराचं अर्थिंग. दहावीच्या वर्गात मी दर वर्षी ही आकृती फळ्यावर काढतो. पाइप, मीठ, कोळसा, तार. परीक्षेला हमखास येते म्हणून दोनदा काढून घेतो. आणि खाली एक वाक्य लिहून देतो की उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते, म्हणून या खड्ड्यात नियमित पाणी टाकावे, नाहीतर जादा करंटला जमिनीत जायला वाट राहत नाही. हे वाक्य मी वीस वर्षं लिहून देत आलो. पंखा, फ्रीज, दिवे यांना वाट बंद झाल्याचं काही वाटलं नाही. त्या नाजूक मशीनला वाटलं. पत्र्यावर साचणारी वीज त्याला गोंधळवत होती. दुकानाचं अर्थिंग चांगलं होतं, म्हणून ते तिथे चालत होतं. इतकं सोपं होतं ते.

मी आईला समजावून सांगितलं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे तहानच लागत होती ना त्याले?"

"हो."

"मंग मी काय येगळं म्हणत होती?"

आईची माफी मी तिथेच मागितली. ती सोपी होती. आईकडे माफी मागायला कोणाला कष्ट पडत नाहीत. रंजनाकडे उद्या जाऊ म्हटलं. उद्या पेपर तपासायचे होते. परवा ऊन फार होतं. मग बायको आली. मग मला वाटलं, थोडे दिवस जाऊ द्यावेत, तिचा राग शांत होऊ द्यावा. तिचा राग! ज्या मुलीनं तोंडातून एक शब्द काढला नाही, तिच्या रागाची काळजी मी करत होतो.

इथपर्यंतचं कदाचित कोणी समजूनही घेईल. पुढचं नाही. शाळेच्या संगणक कक्षातली मशीनं सांभाळायचं काम कोणाला तरी द्यायचं होतं. रंजनानं अर्ज केला होता. लहान दुकानाला असं वर्षभराचं काम मिळालं की ते पायावर उभं राहतं, हे तिलाही माहीत होतं, मलाही. जूनमध्ये मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. "सर, ही तुमची विद्यार्थिनी. तुमचं मशीनही तिनंच बनवलं ना? कसं काय काम आहे?"

तेव्हा माझं मशीन दीड महिना विनातक्रार चालत होतं. मला सगळं ठाऊक होतं. बोलायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. खड्डा, पाणी, चप्पल, विमान, दुकानातलं ते वाक्य. मी ओठ बाहेर काढले आणि मान जराशी तिरकी केली. तोंडानं एवढंच म्हणालो, "बघा बुवा, तुम्हाला योग्य वाटेल तसं."

काम चंद्रपूरच्या एका माणसाला गेलं. रागाच्या भरात बोललेल्या वाक्याला निदान राग हे कारण असतं. मान तिरकी केली तेव्हा मी रागावलो नव्हतो. मला वाटतं, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट कृत्य ते असावं, आणि त्याला मिनिटभरसुद्धा लागलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत एकदा दुपारी मी तिच्या दुकानासमोरून तीनदा गेलो. तिसऱ्यांदा आत कोणी नाही असं पाहून शिरलो. ती एक कीबोर्ड उलटा करून त्यातली धूळ झटकत होती. मी हळू आवाजात सगळं सांगितलं. मुख्याध्यापकांचंही सांगितलं. तिनं कीबोर्ड खाली ठेवला.

"अर्थिंगचं मले माहीत होतं, सर," ती म्हणाली.

"कसं?"

"मी हात लावूनच त इचारलं होतं. माझ्या हाताले लागून राह्यला होता करंट."

"मग तेव्हाच सांगायचं ना!"

"तुमच्या घरी, तुमच्या आईसमोर, तुमच्या बाबाईच्या वायरिंगले मी खराब म्हणू काय? म्हणून इचारलं. म्हटलं, तुमीच म्हणसान. तुमी नाई म्हणले. सर नाई म्हणले तर मी काय म्हणू?"

मी म्हणालो, "माझं चुकलं, रंजना."

"बरं सर." तिनं स्टूल पुढे सरकवलं. "बसा. पाच वाजता लोकं येतात."

मला आधी कळलंच नाही. वाटलं, चहापाण्यासाठी बसवते आहे.

"त्या दिवशी लोकाईसमोर म्हणले होते तुमी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. एखाद्या गिऱ्हाइकाला पार्ट कधी येईल ते सांगावं तसं ती सांगत होती. "आता इथी कोणीच नाई."

मी बसलो. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार झाले होते. पावणेपाचला मी उठलो आणि म्हणालो की घरी पाहुणे यायचे आहेत. ती "बरं सर" म्हणाली. पाहुणे कोणी येणार नव्हते.

त्यानंतर, मधला आख्खा उन्हाळा धरून, मी तिच्या रस्त्यानं गेलो नाही. बाजारात जायचं तर दुसऱ्या बाजूनं. आई पाणी टाकते, मशीन चालतं, विमानं उतरतात. खेळायला बसलो की थोड्या वेळानं मीच बंद करतो. परवा स्टाफरूममध्ये एक नवे शिक्षक विचारत होते की लॅपटॉप कुठे दाखवावा. मी काही बोलायच्या आत दुसऱ्यानं सांगितलं, "बसस्टँडजवळच्या पोरीकडे नका जाऊ बरं. जुना माल लावते म्हणतात." "कोण म्हणतं?" मी विचारलं. तो म्हणाला, "काय माहीत, सर. सगळेच म्हणतात." मी ते वाक्य बोललो तेव्हा तो या गावातही नव्हता. गेल्या वर्षी सिरोंचाहून बदलून आला आहे तो. त्याला मी तिथेच सांगितलं की हे खोटं आहे आणि मीच पसरवलं आहे. तो गोंधळून हसला. त्याला वाटलं, मी मोठेपणा दाखवतो आहे. मग मी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलो आणि दोन वर्षांपूर्वी जे सांगायचं होतं ते सांगितलं. ते म्हणाले, "अहो, आता काय त्याचं?"

आज शाळा सुटल्यावर मी पाच वाजता दुकानात गेलो. आत चार माणसं होती. त्या दिवशीचा, माझ्या ओळखीचा, एकच, ग्रामपंचायतीतला. बाकीचे नवे. रंजना खाली मान घालून एका मदरबोर्डवर सोल्डरचा डाग देत होती. मी दारातच उभा राहिलो, कारण आणखी दोन पावलं आत गेलो असतो तर पुन्हा पाहुण्यांची आठवण झाली असती. मोठ्यानं म्हणालो की मी अमुक शाळेतला शिक्षक, दोन वर्षांपूर्वी इथेच उभा राहून मी हिला जुने पार्ट लावते म्हणालो होतो. पार्ट नवेच होते. बिघाड माझ्या घरच्या अर्थिंगमध्ये होता, तो हिनं पहिल्याच भेटीत ओळखला होता, हिनं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. आणि मोहाबद्दल जे बोललो, ते बोलायची माझी लायकी नव्हती.

ग्रामपंचायतीतला माणूस आठवायचा प्रयत्न करत होता, त्याला आठवलं नाही. एकानं घड्याळ पाहिलं. एका बाईनं रंजनाला विचारलं, "बाई, माझा प्रिंटर आज होऊन जाईन ना?"

"होते, काकू," रंजना म्हणाली. तिनं मान वर केली नाही. डागणीचा धूर बाजूला फुंकला, बोर्ड जरा तिरपा करून पाहिला आणि मग म्हणाली, "सर, दारातून सरका. उजेड अडून राह्यला."

मी बाजूला झालो.